कांगजिनचा हद्दपार पंडित
(द्वितीय वर्ष, कला)

इतिहासाच्या पुस्तकांत राजांना पाने मिळतात, लढायांना प्रकरणे मिळतात. एखाद्या आडबाजूच्या परगण्याला मात्र दोन ओळीही मिळत नाहीत. वास्तविक सामान्य माणसाचा राजाशी संबंध सबंध आयुष्यात एकदाही येत नाही. त्याचा संबंध येतो तो कचेरीशी, तिथल्या अंमलदाराशी आणि त्याहून अधिक तिथल्या कारकुनाशी. राज्य चांगले की वाईट, हे शेतकऱ्याला राजधानीतल्या फर्मानावरून कळत नाही. सरकारी कोठारात धान्य मोजून घेणाऱ्या माणसाच्या मापावरून कळते. ही गोष्ट ऐकायला सोपी आहे, पण कोरियातील एका थोर विद्वानाला ती पुरतेपणी उमगण्यासाठी अठरा वर्षांची हद्दपारी भोगावी लागली. त्या विद्वानाचे नाव जोंग याक-योंग. 'दासान' या टोपणनावाने आजही कोरियात ते घरोघर माहीत आहेत. आणि ज्या परगण्याने त्यांना हे शिकवले, त्याचे नाव कांगजिन.

कांगजिन हा कोरियाच्या द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाजवळचा, जोल्ला प्रांतातला एक लहानसा परगणा. राजधानी सोलपासून तो सुमारे चारशे किलोमीटर दूर आहे. उत्तरेच्या सीमेवर वोलचुलसान हा 809 मीटर उंचीचा खडकाळ डोंगर उभा आहे. दक्षिणेकडून समुद्राची एक लांब, चिंचोळी खाडी थेट परगण्याच्या पोटात शिरली आहे आणि तामजिन नदी तिला येऊन मिळते. या खाडीमुळे परगण्याचे दोन फाटे झाले आहेत. नकाशात तो पाय फाकून उभ्या असलेल्या माणसासारखा दिसतो. खाडीच्या काठाने भाताची खाचरे, पाणथळ जागी बोरूची बने, ओहोटीला उघडी पडणारी चिखलाची मैदाने आणि मागे हिरवे डोंगर, असा हा मुलूख आहे. कोरियाचा जोल्ला प्रांत म्हणजे भाताचे कोठार. राजधानीचे पोट ज्या प्रांतांच्या भातावर भरे त्यांत हा प्रांत प्रमुख होता, आणि म्हणूनच कर वसूल करणाऱ्यांचा डोळाही सर्वांत अधिक याच प्रांतावर असे.

कांगजिनचा इतिहासही जुना आहे. गोर्यो राजवटीच्या काळात इथल्या भट्ट्यांत हिरवट निळ्या झिलईची सुंदर चिनी मातीची भांडी भाजली जात व समुद्रमार्गे राजधानीला पाठवली जात. पुढे जोसोन राजवटीत, 1417 साली, दोगांग आणि तामजिन हे दोन जुने परगणे एकत्र करून कांगजिन हा परगणा बनवण्यात आला. त्याच साली परगण्यातील ब्योंगयोंग येथे प्रांताच्या सैन्याचे ठाणे आले. 1653 साली जेजू बेटाजवळ जहाज फुटून कोरियात अडकलेल्या हेंड्रिक हामेल या डच खलाशाला व त्याच्या सोबत्यांना 1656 ते 1663 पर्यंत याच ब्योंगयोंगला ठेवले होते. म्हणजे राजधानीला नकोशी झालेली माणसे दूर ठेवण्यासाठी हा मुलूख सोयीचा होता. हामेलनंतर सुमारे दीडशे वर्षांनी तेथे असाच आणखी एक नकोसा माणूस येऊन पोहोचला. परंतु तो परदेशी नव्हता. काही काळापूर्वीपर्यंत तो राजाचा अत्यंत आवडता अधिकारी होता.

जोंग याक-योंग यांचा जन्म 1762 साली सोलच्या पूर्वेस हान नदीच्या काठी माजे या गावी झाला. वडील सरकारी नोकरीत होते व निरनिराळ्या परगण्यांवर अंमलदार म्हणून त्यांच्या नेमणुका होत. लहानगा याक-योंग त्यांच्याबरोबर फिरे. अंमलदाराच्या वाड्याचे अंगण, तेथे हात जोडून उभे राहणारे शेतकरी, लगबगीने कागद नाचवणारे कारकून, हे सर्व त्यांनी बालपणीच पाहिले. आई हेनाम येथील प्रसिद्ध युन घराण्यातली. ती ते लहान असतानाच, 1770 साली वारली. आईचे हे माहेर कांगजिनच्या शेजारच्याच परगण्यात होते. पुढे हा योगायोग त्यांना फार उपयोगी पडणार होता.

1776 साली कोरियाच्या गादीवर राजा जोंगजो आला. हा राजा स्वतः विद्वान होता आणि विद्वानांची पारख करणारा होता. जोंग याक-योंग 1783 साली प्राथमिक व 1789 साली वरिष्ठ सरकारी परीक्षा उत्तीर्ण झाले आणि राजाच्या नजरेत भरले. राजाच्या वडिलांची समाधी राजधानीच्या दक्षिणेस होती व तेथे जाण्यासाठी हान नदी ओलांडावी लागे. 1789 साली नदीवर नावांचा तरता पूल बांधण्याच्या कामात या तरुण अधिकाऱ्याची बुद्धी उपयोगी पडली. पुढे सुवोन येथे ह्वासोंग नावाचा नवा किल्ला बांधण्याचे ठरले तेव्हा त्याचा आराखडा राजाने त्यांच्याकडूनच करून घेतला. राजाने दिलेल्या चिनी ग्रंथांत युरोपीय यंत्रांची वर्णने होती. ती अभ्यासून त्यांनी कप्प्यांच्या साहाय्याने मोठमोठे दगड उचलणारे एक यंत्र तयार केले. सुमारे साडेपाच किलोमीटर घेराचा हा किल्ला 1794 ते 1796 या काळात, म्हणजे तीन वर्षांच्या आत उभा राहिला. या यंत्रामुळे चाळीस हजार नाण्यांचा खर्च वाचला, अशी पावती खुद्द राजाने दिली. विशेष म्हणजे या कामावरील मजुरांना वेठीला न धरता मजुरी देण्यात आली. 1997 साली या किल्ल्याचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशात झाला.

परंतु किल्ल्यापेक्षाही महत्त्वाच्या अशा दोन घटना त्यांच्या नोकरीच्या काळात घडल्या. 1794 साली राजाने त्यांना गुप्त तपासनीस म्हणून सोलजवळच्या काही परगण्यांत पाठवले. साध्या वेषात हिंडून अंमलदारांचा कारभार पाहायचा व राजाला कळवायचे, असे हे काम होते. दरबारात वजन असलेल्या दोन माणसांनी अंमलदार म्हणून केलेली लूट त्यांनी उघडकीस आणली. प्रांताचा सुभेदार सो योंग-बो याच्या माणसांचे गैरव्यवहारही त्यांनी झाकले नाहीत. या सो योंग-बोने ती गोष्ट आयुष्यभर लक्षात ठेवली.

दुसरी घटना 1797 सालची. त्या वर्षी त्यांना उत्तरेकडील कोकसान परगण्याचे अंमलदार नेमण्यात आले. तेथे आधीच्या अंमलदाराच्या काळात कापडाच्या कराची भरमसाट वसुली झाली होती. ई ग्ये-सिम नावाच्या एका शेतकऱ्याने हजारावर लोक जमवून कचेरीवर मोर्चा नेला होता व त्यानंतर तो फरारी झाला होता. नवे अंमलदार परगण्याच्या हद्दीत पाऊल टाकतात तोच हा माणूस स्वतः रस्त्यावर येऊन उभा राहिला. त्याच्या हातात लोकांच्या तक्रारींचा कागद होता. बरोबरच्या कारकुनांना वाटले, आता याच्या मुसक्या आवळल्या जाणार. परंतु जोंग याक-योंग यांनी त्याला सोडून दिले. त्यांचे म्हणणे असे होते की, अंमलदाराला कारभार नीट दिसत नाही याचे कारण लोक जिवाच्या भीतीने बोलत नाहीत. तेव्हा जिवावर उदार होऊन बोलणारा माणूस सरकारने हजार मोहरा देऊन विकत घ्यावा अशा मोलाचा असतो. कोकसानमध्ये त्यांनी कर मोजण्याची कापडी मापे तपासून दुरुस्त केली आणि त्याच काळात गोवर व देवी या रोगांवर एक वैद्यकीय ग्रंथही लिहिला. त्यांच्या नऊ अपत्यांपैकी सहा बालपणीच दगावली होती, हे लक्षात घेतले म्हणजे या ग्रंथामागचे दुःख कळते.

इथवरचे आयुष्य म्हणजे चढता आलेख होता. 1800 साली राजा जोंगजो वारला आणि चित्र एका वर्षात पालटले. गादीवर अल्पवयीन राजा आला व सत्ता विरोधी गटाच्या हाती गेली. या गटाला जोंग घराण्यावर वार करण्यासाठी एक निमित्त तयारच होते. 1784 च्या सुमारास जोंग याक-योंग व त्यांचे भाऊ चीनमधून आलेल्या ख्रिस्ती ग्रंथांकडे ओढले गेले होते. पुढे या धर्मात पूर्वजांच्या पूजेला मनाई आहे असे कळल्यावर याक-योंग यांनी तो सोडला व 1797 साली राजाला तसे लिहूनही दिले. पण 1801 साली ख्रिस्ती लोकांची धरपकड सुरू झाली तेव्हा जुना संबंध पुरेसा ठरला. भाऊ याक-जोंग यांनी धर्म सोडला नाही. त्यांचा शिरच्छेद झाला. मेहुणे ई सुंग-हुन यांचाही तसाच अंत झाला. थोरले भाऊ याक-जोन व याक-योंग यांना हद्दपारीची शिक्षा झाली. याक-योंग यांना प्रथम पूर्व किनाऱ्यावर जांगी येथे पाठवले. त्याच वर्षी त्यांच्या पुतणीचा नवरा ह्वांग सा-योंग याने पेकिंगच्या बिशपला रेशमी कापडावर लिहिलेले गुप्त पत्र पकडले गेले. त्यात पाश्चात्त्य जहाजे बोलावण्याची विनंती होती. दोघा भावांना पुन्हा राजधानीत आणून चौकशी झाली. पत्राशी त्यांचा संबंध निघाला नाही, तरी त्यांना आणखी दूर धाडायचे ठरले: याक-जोन यांना हुकसान बेटावर आणि याक-योंग यांना कांगजिनला.

1801 च्या हिवाळ्यात दोघे भाऊ बरोबर दक्षिणेकडे निघाले. नाजू गावाच्या उत्तरेस युलजोंग येथील धर्मशाळेत त्यांनी शेवटची रात्र एकत्र काढली. सकाळी दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. त्यानंतर दोघांची भेट कधीच झाली नाही.

कांगजिनमध्ये राजद्रोह्याच्या घरच्या माणसाला कोण थारा देणार? लोक त्यांना पाहून दारे लावून घेत, जणू विषारी वारा आला आहे. अखेर गावाच्या पूर्व वेशीबाहेर जेवणाची खाणावळ व दारूचा गुत्ता चालवणाऱ्या एका म्हातारीने त्यांना खोली दिली. राजाच्या ग्रंथालयात बसणारा पंडित या खोलीत सुमारे चार वर्षे राहिला. ही म्हातारी निरक्षर असली तरी विचारी होती. आईबापांच्या ऋणाविषयी तिने काढलेला एक प्रश्न व त्यावर तिने स्वतः केलेला विचार त्यांना इतका मोलाचा वाटला की तो त्यांनी भावाला पत्राने कळवला. 1803 साली त्यांनी त्या खोलीला नाव दिले, 'साउइजे'. विचार, चेहरा, बोलणे आणि वागणे ही चार जेथे नीट ठेवायची ती खोली, असा त्याचा अर्थ. सर्व काही हिरावून घेतलेल्या माणसाच्या हातात एवढ्या चारच गोष्टी उरतात, आणि त्या तेवढ्या सांभाळायचे त्यांनी ठरवले.

येथे त्यांच्या आयुष्याला खरी कलाटणी मिळाली, असे मला वाटते. आजवर परगणा त्यांनी पाहिला होता तो वाड्याच्या ओट्यावरून: कधी अंमलदाराचा मुलगा म्हणून, कधी तपासनीस म्हणून, तर कधी स्वतः अंमलदार म्हणून. आता ते परगणा पाहत होते तो वेशीबाहेरच्या गुत्त्यातून. बाजाराला आलेले शेतकरी, हमाल, कोळी, कचेरीतून मार खाऊन परतणारे लोक त्यांच्या खिडकीखाली बसून बोलत. तपासनिसाला जे साध्या वेषातही ऐकायला मिळत नाही, ते हद्दपाराला आपोआप ऐकायला मिळू लागले.

त्या काळच्या कारभाराची घडी समजून घेतल्याशिवाय त्यांनी काय ऐकले हे कळणार नाही. जोसोन राज्यात सुमारे 330 परगणे होते. प्रत्येकावर राजधानीतून एक अंमलदार येई. त्याला स्वतःच्या गावच्या परगण्यात नेमत नसत, आणि तो एका जागी फार काळ टिकतही नसे. म्हणजे तो परका असे आणि घाईत असे. कारकून मात्र पिढ्यान्‌पिढ्या तेथलेच. बापाची जागा मुलाने चालवायची. जमिनीच्या नोंदी, कराच्या याद्या, कोठाराच्या किल्ल्या सर्व त्यांच्या हाती. परंतु या कारकुनांना सरकारकडून पगार नसे! त्यांनी जगायचे कसे? अर्थात लोकांवर. अंमलदाराने ही जागा मिळवण्यासाठी वर पैसा चारलेला असे, तो वसूल करायलाही हेच कारकून लागत. अशा रीतीने वरचा आणि खालचा दोघेही एकाच ताटात जेवत, आणि ते ताट शेतकऱ्याच्या घरून येई.

कर मुख्यतः तीन प्रकारचे होते. पहिला जमिनीचा सारा. दुसरा लष्करी चाकरीच्या बदली प्रत्येक पुरुषामागे द्यायचा कापडाचा तागा. तिसरा वास्तविक कर नव्हताच; वसंतात सरकारी कोठारातून गरिबांना धान्य उसने द्यायचे व सुगीत एक दशांश वाढीने परत घ्यायचे, अशी ती दुष्काळाविरुद्धची योजना होती. परंतु या उसनवारीचाच सर्वांत क्रूर कर झाला. देताना धान्यात कोंडा मिसळायचा, घेताना निवडक धान्य घ्यायचे. पुढे पुढे तर न देताच परत घ्यायचे. आपण राहतो त्या खेड्यात कोठारातून धान्य घेऊन येणारा माणूस आपण कधी पाहिला नाही, पण हिवाळ्यात मात्र घरोघरची पोती कोठाराकडे जाताना पाहिली, अशी नोंद त्यांनी केली आहे. कापडाच्या कराची तऱ्हा तर विचारूच नये. यादीतले नाव कधी कमी होत नसे. मेलेल्या माणसाच्या नावे तागा, पाळण्यातल्या पोराच्या नावे तागा. कोणी पळून गेला तर त्याच्या नातेवाइकांकडून, तेही नसले तर शेजाऱ्याकडून वसुली.

1803 साली कांगजिनमधल्या बोरूच्या बनाजवळच्या एका वस्तीत घडलेली घटना त्यांच्या कानावर आली. एका शेतकऱ्याला मुलगा झाला. बाळ तीन दिवसांचे होते तोच त्याचे नाव लष्करी करात लागले. म्हातारा बाप मरून गेला होता, त्याचेही नाव यादीत होतेच. कर भरता आला नाही म्हणून गावच्या वसुलीदाराने दावणीचा बैल सोडून नेला. तेव्हा त्या शेतकऱ्याने सुरी घेतली आणि ज्यामुळे हे मूल जन्मले ते आपले पुरुषत्वच कापून टाकले. त्याची बायको ते रक्ताळलेले अंग घेऊन कचेरीच्या दारी रडत गेली, पण पहारेकऱ्याने तिला आत सोडले नाही. जोंग याक-योंग यांनी या घटनेवर कविता लिहिली. कोरियन वाचकांना ती आजही अस्वस्थ करते. सुवोनचा दगडी किल्ला उभारणारा हा माणूस एका शेतकऱ्याची झोपडी वाचवू शकत नव्हता. त्याच्या हाती फक्त कुंचला होता.

पुढे काही काळ डोंगरावरच्या बौद्ध मठात, काही काळ एका शिष्याच्या घरी राहून 1808 च्या वसंतात ते मांदोक डोंगराच्या उतारावरील एका गवती छपराच्या घरात राहायला गेले. आईच्या माहेरच्या युन कुळातील नातेवाइकांचे हे घर होते. त्या डोंगरावर चहाची रानझाडे होती, म्हणून त्याला दासान, म्हणजे चहाचा डोंगर म्हणत. तेच त्यांचे नाव झाले. घरामागच्या खडकावर त्यांनी दोन अक्षरे कोरली, झऱ्याचे पाणी अडवून छोटे तळे केले. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला बेंगन्योनसा हा बौद्ध मठ होता. तेथील ह्येजांग नावाच्या भिक्षूशी 1805 सालीच त्यांची गाठ पडली होती. हा भिक्षू कन्फ्यूशियसचे ग्रंथ शिकायला येई आणि पंडिताला चहाची गोडी लावी. दोघांच्या घरांमधली कॅमेलियाच्या झाडांतून जाणारी पाऊलवाट आजही लोक श्रद्धेने चालतात. आजोळच्या युन घराण्याच्या संग्रहातून ग्रंथ मिळाले. घरात हजारावर पुस्तके जमली. शिष्य जमले. येथे बसून त्यांनी जे लिहिले ते पाहून मती गुंग होते. जुन्या पद्धतीच्या मोजणीने त्यांचे लेखन सुमारे पाचशे खंडांचे आहे. सतत मांडी घालून बसल्याने त्यांच्या घोट्याला तीन वेळा भोके पडली, असे त्यांच्या एका शिष्याने लिहून ठेवले आहे.

त्या शिष्याची हकीकत मला सर्वांत जवळची वाटते. त्याचे नाव ह्वांग सांग. तो कारकुनांच्या कुळातला. म्हणजे ज्या वर्गाला वरच्या परीक्षांची दारे प्रत्यक्षात बंद होती त्यातला. 1802 साली तो गुत्त्यातल्या खोलीत शिकायला आला तेव्हा जेमतेम चौदा-पंधरा वर्षांचा होता. त्याने गुरूंना भीत भीत सांगितले की आपण मंद आहोत, आपल्या डोक्यात लवकर शिरत नाही आणि आपण ओबडधोबड आहोत. आपल्यासारख्याला विद्या येईल काय? गुरूंनी त्याला समजावले की लवकर पाठ होणारा उथळ राहतो, भराभर लिहिणारा तरंगत राहतो आणि चटकन समजणारा कच्चा राहतो. उलट बोथट टोकाने पाडलेले भोक मोठे असते. उपाय एकच: कष्ट, पुन्हा कष्ट आणि पुन्हा कष्ट. आमच्यासारख्या, घरातून प्रथमच कॉलेजची पायरी चढलेल्या मुलांना वर्गात मागच्या बाकावर बसून जे वाटते, तेच त्या मुलाला वाटत होते. ह्वांग सांगने तो उपदेश ऐंशी वर्षे ओलांडेपर्यंत पाळला व तो कवी म्हणून नावाजला.

कांगजिनमधील लेखनाचे शिखर म्हणजे 1818 साली पूर्ण केलेला 'मोंगमिन सिमसो' हा ग्रंथ. परगण्याच्या अंमलदाराने कसे वागावे हा त्याचा विषय. बारा भाग, प्रत्येकात सहा प्रकरणे, अशी बहात्तर प्रकरणे. नेमणूक झाल्याच्या दिवसापासून बदली होऊन परत जाण्याच्या दिवसापर्यंतचा सर्व क्रम त्यात आहे. नव्या अंमलदाराने नवे कपडे व खोगिरे करू नयेत, कारण त्याचा खर्च शेवटी लोकांवर पडतो. सामानात पुस्तके न्यावीत. पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत परगण्याचा नकाशा काढून घ्यावा, त्यात नद्या, डोंगर, वाटा आणि प्रत्येक गावातली घरे दाखवावीत व तो भिंतीवर लावावा. कोठारातील मापे स्वतः तपासावीत. कारकुनांना ताब्यात ठेवायचे असेल तर प्रथम स्वतःला ताब्यात ठेवावे. काटकसर हीच लोकांवरच्या प्रेमाची सुरुवात होय. दुष्काळाची तयारी दुष्काळ पडण्यापूर्वी करावी. 1809 च्या भयंकर अवर्षणात उपासमार त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती, म्हणून हा भाग पुस्तकी वाटत नाही. आणि शेवटी, जाताना सामान आले होते तेवढेच असावे.

ग्रंथाच्या नावात 'मन' हा शब्द आहे. हद्दपार माणसाच्या मनात लोकांचे भले करण्याची इच्छा आहे पण ती अमलात आणण्याचा अधिकार नाही, म्हणून हे नाव ठेवल्याचे त्यांनीच सांगितले आहे. हा ग्रंथ त्यांनी राजाला उद्देशून लिहिला नाही, एका साध्या अंमलदाराला उद्देशून लिहिला, यातच कांगजिनची शिकवण दिसते. त्यांची नजर आकड्यांवरही पक्की होती. जोल्ला प्रांतात शंभर घरांपैकी जमीन खंडाने देणारी सुमारे पाच, स्वतःची जमीन कसणारी पंचवीस आणि दुसऱ्याची जमीन कसणारी सत्तर घरे असल्याचा हिशेब त्यांनी मांडला. जमीन कसणाऱ्याचीच असावी, हा विचार तर हद्दपारीच्याही आधी, 1799 च्या सुमारास त्यांनी मांडला होता. एका निबंधात त्यांनी विचारले आहे की अंमलदार लोकांसाठी असतो की लोक अंमलदारासाठी. आणि मुळात गावाने आपला प्रमुख स्वतः निवडला व तेथूनच वरची सत्ता उभी राहिली, असे उत्तर दिले आहे.

याचा अर्थ ते बंडखोर होते असा मात्र नव्हे. समाजातील उच्चनीचता त्यांनी नाकारली नाही. कारकुनांविषयी त्यांचे मत फार कडक होते, जरी त्यांचा एक लाडका शिष्य त्याच कुळातला होता. आणखी एक विसंगती मनाला टोचते. ज्या खेड्याने त्यांना घडवले त्या खेड्यातून ते मुलांना पत्रे लिहीत की काही झाले तरी राजधानीचा परिसर सोडू नका, कारण विद्या व संधी तेथेच आहेत. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण खेड्यातून शहरात शिकायला आलेल्या कोणालाही यातली खरी वेदना कळेल. बाप स्वतः खेड्यात राहतो, त्याच्यावर त्याचे प्रेम असते, आणि तरी तो मुलाला तेथून दूर जायला सांगतो.

घरच्या दुःखांनी त्यांची पाठ सोडली नाही. 1802 साली धाकटा मुलगा वारला. बापाला त्याचे तोंड पाहता आले नाही. पत्नीने आपल्या लग्नातील विटलेले घागरे कांगजिनला पाठवले. त्यांचे तुकडे करून 1810 साली त्यांनी मुलांसाठी उपदेशाच्या छोट्या वह्या बनवल्या, आणि 1813 साली लग्न झालेल्या मुलीसाठी त्याच कापडावर बहराच्या फांदीवर बसलेल्या पक्ष्यांचे चित्र काढले. या वस्तू आजही जतन केलेल्या आहेत. हुकसानच्या बाजूला भाऊ याक-जोन बेटावरच्या कोळ्यांकडून शिकून समुद्रातील दोनशेहून अधिक प्रकारच्या जीवांची माहिती लिहीत होते; तो ग्रंथ 1814 साली पुरा झाला. 1816 साली ते बेटावरच वारले. आपले लिखाण समजणारा एकुलता एक वाचक गेला, असे याक-योंग यांना वाटले.

सुटकेचा हुकूम पूर्वीच व्हायचा होता. 1803 साली तो सो योंग-बोने अडवला. 1810 साली मुलाच्या अर्जावरून माफी झाली, पण विरोधकांनी ती कागदावरच ठेवली. अखेर 1818 च्या शरद ऋतूत ते सुटले. निघताना अठरा शिष्यांनी चहाच्या नावाने एक मंडळ स्थापन केले व दरवर्षी चहा तयार करून गुरूंना पाठवण्याचे ठरवले. उरलेली अठरा वर्षे त्यांनी माजे येथे काढली. राजधानीने त्यांना पुन्हा अधिकार दिला नाही. फौजदारी न्यायावरचा ग्रंथ त्यांनी तेथे पूर्ण केला. 1836 साली लग्नाला साठ वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्या समारंभासाठी ह्वांग सांग कांगजिनहून चालत आला होता. निरोप घेऊन परत जाताना वाटेतच त्याला बातमी कळली व तो मागे फिरला.

त्यांचे कोणी ऐकले काय? त्या काळी नाही. 1862 साली जिंजू येथे शेतकऱ्यांनी उठाव केला व तो दक्षिणेकडील प्रांतांत पसरला; कारणे तीच: सारा, तागा आणि कोठार. 1894 साली जोल्ला प्रांतातच गोबू येथे एका अंमलदाराच्या लुटीवरून ठिणगी पडली व देश हादरला. 'मोंगमिन सिमसो' मात्र हाताने नकला होत होत टिकून राहिला. 1925 च्या महापुरात माजेचे घर वाहून गेले, पण वंशजांनी हस्तलिखिते वाचवली व 1934 ते 1938 या काळात समग्र ग्रंथ छापले गेले. 2012 साली त्यांच्या जन्माची 250 वर्षे युनेस्कोनेही साजरी केली.

कांगजिन आजही लहानच आहे. शेती व मासेमारी करणाऱ्या कोरियातल्या इतर ग्रामीण परगण्यांप्रमाणे तेथील तरुण शहरांकडे गेले आणि लोकसंख्या आता चाळीस हजारांच्या आत आली आहे. 1950 च्या दशकात दासानचे पडलेले घर पुन्हा बांधले. आता त्यावर गवताऐवजी कौले आहेत. आणि 1995 पासून परगण्याचा प्रमुख राजधानीतून येत नाही, लोक त्याला मत देऊन निवडतात.

आपल्यापैकी पुष्कळजण उद्या स्पर्धा परीक्षांना बसतील आणि काहीजण टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत जाऊन बसतील. आज आपण अलीकडे उभे आहोत. एका दाखल्यासाठी घातलेल्या खेपा, खिडकीतून न वर पाहता मिळालेले उत्तर, घरच्या वडीलधाऱ्यांनी तेथे काढलेला हळू आवाज, हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. जोंग याक-योंग खुर्चीवर आधी बसले आणि वेशीबाहेर नंतर गेले, म्हणून त्यांना शहाणपण आले तेव्हा अधिकार उरला नव्हता. आपला क्रम उलटा आहे. वेशीबाहेरचे आपण आधीच पाहिले आहे. खुर्ची मिळाल्यावर ते विसरायचे की भिंतीवर नकाशासारखे टांगून ठेवायचे, एवढेच आपल्या हाती आहे.